व्हर्च्युअल केलेले सर्व्हर ठरावीक रात्री गुदमरतात: मोकळी क्षमता मोजताना नेमकं काय सुटतं

ही तक्रार माझ्यापर्यंत वेगवेगळ्या लोकांकडून येते, पण चाल तीच असते. सर्व्हर जुने झालेले, बहुतेक वेळ रिकामे दिसणारे. म्हणून दहा-बारा मशीन उचलून एक-दोन मोठ्या मशीनवर (होस्ट) व्हर्च्युअल केली, म्हणजे प्रत्येक जुनं मशीन होस्टच्या आत सॉफ्टवेअरमधलं मशीन (गेस्ट) झालं. आधी रीतसर मोजमापही केलं होतं. सीपीयू सरासरी ८-१० टक्के, रॅम निम्मी मोकळी, डिस्क निवांत. स्थलांतरानंतर दोन-तीन आठवडे सगळं सुरळीत चालतं. मग एका रात्री सगळे गेस्ट एकदम अडकतात, काही तासांनी आपोआप सुटतात, आणि सकाळी बघायला जावं तर काहीच हाती लागत नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

मी स्वतः यातून गेलो आहे, म्हणून इथे आधी त्या रात्रीचं निदान सांगतो आणि मग मोजणी कशी करायला हवी होती ते. निदान तातडीचं असतं, पण खरा उपाय मोजणीत आहे.

त्या रात्री काय दिसलं

आमचे ११ सर्व्हर २ होस्टवर आणले होते. रात्री एक वाजून गेला आणि एकेका गेस्टकडून इशारे यायला लागले. लॉगिन व्हायलाच मिनिटभर लागत होतं. ४ व्हीसीपीयू (गेस्टला दिलेले आभासी कोअर) असलेल्या गेस्टवर ‘अपटाइम’ या कमांडने लोड, म्हणजे कामाच्या रांगेची सरासरी, ३८ दाखवला. आकडा बघून पहिला विचार आला तो सीपीयू कमी पडतोय असा, म्हणून ४ चे ८ केले. फरक शून्य. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी ती गत होती.

लिनक्सचा लोड अॅव्हरेज फक्त सीपीयूची रांग मोजत नाही. डिस्कसारख्या गोष्टीची वाट बघत अडकलेल्या, मध्येच न उठवता येणाऱ्या प्रोसेसही त्यात धरल्या जातात. ‘पीएस’ने काढलेल्या प्रोसेसच्या यादीत त्यांच्यापुढे ‘डी’ दिसतो. त्यामुळे सीपीयू जवळजवळ रिकामा असताना लोड ३८ होऊ शकतो. ‘व्हीएमस्टॅट ५’ लावल्यावर चित्र उलगडलं: पहिला रकाना ‘आर’ (सीपीयूच्या रांगेतले) १-२, दुसरा रकाना ‘बी’ (अडकलेले) ३० च्या वर, ‘डब्ल्यूए’ (डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ, टक्क्यांत) ९० च्या आसपास. (व्हीएमस्टॅटची पहिली ओळ सोडून द्यायची. ती मशीन चालू झाल्यापासूनची सरासरी असते. डिस्कचे आकडे देणाऱ्या आयओस्टॅटच्या पहिल्या अहवालाचंही तेच. या एका ओळीवरून चुकीचे निष्कर्ष काढलेले मी कितीतरी वेळा बघितले आहेत.)

मग ‘डी’ अवस्थेतल्या प्रोसेसची यादी काढली. डेटाबेस, लॉग लिहिणारी प्रोसेस, मेल, सगळे वाट बघणारे. आणि त्यांच्यात कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, एक थ्रेड: ‘एमडी०_रीसिंक’. ‘/प्रोक/एमडीस्टॅट’ उघडली तर तिथे ‘चेक’ चालू, टक्केवारी हळूहळू सरकत होती. दुसरा गेस्ट उघडला, तिथेही तेच. तिसऱ्यातही.

उलगडा असा झाला. जुन्या मशीनमध्ये प्रत्येकी २ डिस्क सॉफ्टवेअर रेड-१ मध्ये होत्या, म्हणजे दोन्हींवर तोच मजकूर, आरशासारखा; लिनक्समध्ये हे काम ‘एमडी’ करतो. स्थलांतर करताना डिस्क ब्लॉकशः जशीच्या तशी उतरवली, त्यामुळे गेस्टमध्येही तो आरसा तसाच राहिला आणि त्याचे दोन्ही अर्धे भाग एकाच सामायिक स्टोरेजवर जाऊन बसले. रेडची मासिक तपासणी डेबियन या लिनक्स वितरणाच्या पॅकेजमध्ये बरीच वर्षं एकाच वेळी ठेवलेली होती: महिन्याच्या पहिल्या रविवारी रात्री १२ वाजून ५७ मिनिटांनी. ११ पैकी ९ गेस्ट डेबियनचे. म्हणजे ९ गेस्टनी एकाच मिनिटाला आपापल्या दोन्ही डिस्क पहिल्या ब्लॉकपासून शेवटपर्यंत वाचायला घेतल्या, आणि वाचणार होते ते सगळे एकाच ठिकाणाहून.

आता यातली खरी खोच. ही तपासणी मुळात समजूतदार आहे. त्याच डिस्कवर दुसरं कोणी वाचतंय-लिहितंय असं दिसलं की एमडी स्वतःचा वेग कमी करतो. वेगाची खालची मर्यादा सेकंदाला १००० किलोबाइट आणि वरची २,००,००० किलोबाइट, या कर्नलच्या मूळ नेमणुका (डिफॉल्ट). पण गेस्टमधल्या एमडीला दिसतं ते फक्त त्या गेस्टचं वाचन-लेखन. शेजारचा गेस्ट तडफडतोय हे त्याला कळायला मार्गच नाही. आपल्या घरात शांतता आहे असं बघून तो पूर्ण वेगाने सुटतो. तपासणीला दिलेला ‘आयओनाइस’चा (डिस्क वापरण्यातला अग्रक्रम) सर्वांत खालचा दर्जाही गेस्टच्या आतच लागू होतो; होस्टसाठी ते साधं वाचनच. खऱ्या मशीनवर जी गोष्ट निरुपद्रवी होती, तीच सामायिक डिस्कवर सगळ्यांचा गळा आवळणारी झाली.

त्या रात्रीपुरता उपाय सोपा होता: प्रत्येक गेस्टमध्ये तपासणी थांबवली आणि पाच मिनिटांत सगळं मोकळं झालं. पुढच्या आठवड्यात गेस्टमधले आरसे काढून एकेरी डिस्क केली. डिस्कची राखण होस्टच्या पातळीवर एकदाच व्हायला हवी, दोनदा नाही.

मोजणीत हे का दिसलं नाही

कारण आम्ही ९ तारखेपासून २२ तारखेपर्यंत मोजलं होतं. चौदा दिवस पुरेसे वाटले होते. त्या चौदा दिवसांत महिन्याचा पहिला रविवार येतच नाही. महिनाअखेरही येत नाही. हिशेबाची मशीन नेमकी २२ तारखेनंतर जागी होतात.

आणि समजा तो रविवार मोजणीत आला असता, तरी आम्ही सरासरी बघत होतो. २४ तासांच्या सरासरीत चार तासांचं वादळ ही झाकली मूठ असते. म्हणून माझं ठाम मत: ‘हा सर्व्हर सरासरी किती रिकामा आहे’ हा प्रश्नच विचारू नये. विचारायचं ते असं: हे सगळे सर्व्हर एकाच होस्टवर असते, तर त्यांचा सर्वांत वाईट सामायिक क्षण कोणता असता, आणि त्या क्षणी किती शिल्लक उरलं असतं? तेवढीच खरी मोकळी क्षमता. बाकीचं नुसतं रिकामं दिसणं.

मोजणी लावताना

यासाठी महागडं काही लागत नाही. ‘सिसस्टॅट’ हे पॅकेज आणि त्यातलं नोंदी दाखवणारं ‘सार’ पुरतं. पण त्याच्या मूळ नेमणुका आपल्या कामाच्या नाहीत.

डेबियनमध्ये पॅकेज टाकलं तरी नोंदणी बहुधा बंदच असते. ‘/ईटीसी/डिफॉल्ट/सिसस्टॅट’ मध्ये ‘एनेबल्ड’ला ‘ट्रू’ करावं लागतं. नोंदी किती दिवस ठेवायच्या हे ‘हिस्टरी’ या चलावर ठरतं आणि डेबियनमध्ये तो ७ दिवसांवर असतो. महिनाभर मोजतोय असं समजत राहायचं आणि शेवटी हातात एकच आठवडा, असं होतं. निदान ६० करा. आणि एक दिवस गेल्यावर ‘सार -डी’ चालवून डिस्कच्या नोंदी खरंच साठताहेत का ते बघा, कारण जुन्या मांडणीत त्या आपोआप घेतल्या जात नाहीत.

दुसरी गोष्ट अंतराची. मूळ नेमणूक १० मिनिटांची. एखादं काम मिनिटभर सगळे कोअर १०० टक्के खात असेल आणि उरलेली नऊ मिनिटं ५ टक्क्यांवर असेल, तर नोंद होते १४.५ टक्के. कोणाला शंकाही येत नाही. अंतर १ मिनिटावर आणा. फाइल थोड्या मोठ्या होतात, पण त्याने काही बिघडत नाही. सिस्टमडी (सेवा आणि ठरलेली कामं चालवणारी लिनक्सची व्यवस्था) असेल तर ‘सिसस्टॅट-कलेक्ट’ या टायमरला ओव्हरराइड लावताना आधी ‘ऑनकॅलेंडर’ची एक ओळ रिकामी ठेवावी आणि मग नवी लिहावी, नाहीतर जुनं वेळापत्रक आणि नवं, दोन्ही चालू राहतात.

तिसरी गोष्ट घड्याळांची. आपण वेगवेगळ्या मशीनची एकाच क्षणाची बेरीज करणार आहोत, तर सगळ्यांची घड्याळं क्रोनी किंवा एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवणारी साधनं) जुळलेली हवीत. शिवाय ‘सार’ पडद्यावर स्थानिक वेळ दाखवतो, आणि त्याच पॅकेजमधल्या ‘सॅडएफ -डी’ने तोच डेटा बाहेर काढला की वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) येते. निम्मे आकडे एकीकडून आणि निम्मे दुसरीकडून घेतले, तर रात्रीचा बॅकअप भलत्याच वेळी जाऊन बसतो आणि टक्कर होणारी कामं कागदावर सुटी दिसतात. सगळं ‘सॅडएफ’नेच काढा.

मुदत: एक पूर्ण महिना, महिनाअखेर आणि पहिला रविवार धरून. तिमाहीचं किंवा वर्षाचं काम असेल तर ते कधी होतं हे माणसांना विचारून लिहून ठेवा, कारण तेवढं थांबून मोजणं बहुधा जमत नाही.

सीपीयू: टक्के नको, कोअर मोजा

वेगवेगळ्या मशीनच्या टक्क्यांची बेरीज करता येत नाही. ८ कोअरचे ३० टक्के आणि ४ कोअरचे ३० टक्के या वेगळ्या गोष्टी आहेत. आधी प्रत्येक नोंद कोअरमध्ये बदलून घ्यावी.

तीन मशीनचं उदाहरण घेऊ, एकूण २८ कोअर. पहिलं ८ कोअरचं वेबचं मशीन: दिवसा १० तास ३० टक्के, म्हणजे २.४ कोअर, उरलेला वेळ ०.४. दुसरं १६ कोअरचं अहवाल काढणारं: रात्री २ तास ४५ टक्के, म्हणजे ७.२ कोअर, एरवी ०.६४. तिसरं ४ कोअरचं: दिवसा १० तास ५० टक्के, म्हणजे २ कोअर, एरवी ०.४.

आता तीन पद्धतींनी बेरीज करून बघा. तिघांच्या सरासऱ्यांची बेरीज साडेतीन कोअरच्या आसपास येते. प्रत्येकाच्या कमाल आकड्यांची बेरीज ११.६. आणि क्षणोक्षणीची बेरीज करून तिची कमाल बघितली, तर दिवसा ५.०४ आणि रात्री ८.०. खरं उत्तर ८ आहे. सरासरीवर विसंबून ४ कोअरचं होस्ट घेतलं तर अहवालाचं काम रात्रीतून सकाळपर्यंत लांबेल. कमाल आकडे मिळवून १२ चं घेतलं तर चार कोअर वाया. दर मिनिटाची बेरीज मांडायला स्प्रेडशीट किंवा दहा ओळींची स्क्रिप्ट पुरते.

टक्क्यांमागे लपलेल्या आणखी दोन-तीन गोष्टी. १६ कोअरच्या मशीनवर एकच थ्रेड जीव तोडून धावत असेल तर एकूण वापर दिसतो ६.२५ टक्के. रिकामं वाटणारं हे मशीन प्रत्यक्षात एका कोअरच्या वेगावर अडलेलं असतं, आणि मंद कोअरच्या होस्टवर नेलं की ते काम तितकंच मंदावतं, मग व्हीसीपीयू कितीही द्या. म्हणून ‘सार -यू’बरोबर ‘-पी ऑल’ लावून एकेक कोअर बघावा (हा ‘पी’ मोठ्या लिपीतला).

हायपरथ्रेडिंगचंही तसंच. ८ खरे कोअर १६ म्हणून दिसतात. लिनक्सचा शेड्युलर शक्यतो आधी पूर्ण रिकामे कोअर भरतो, त्यामुळे ५० टक्के वापर दिसतो तेव्हा सगळे खरे कोअर कामाला लागलेले असू शकतात. उरलेल्या ५० टक्क्यांत आणखी तेवढंच काम मावणार नाही, बरंच कमी मावेल. मी खऱ्या कोअरवरच हिशेब करतो आणि जोडथ्रेडमुळे मिळेल ते वरचं समजतो.

आणि घड्याळाचा वेग. वापराची टक्केवारी वेळेची असते, कामाची नव्हे. वीज वाचवायला १.२ गिगाहर्ट्झवर रेंगाळणाऱ्या कोअरचे ४० टक्के म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवर साधारण २० टक्के. उलट एकट्याने धावताना टर्बोवर (तात्पुरत्या वाढीव वेगावर) गेलेला कोअर गर्दीच्या होस्टवर तो वेग गाठणार नाही. जुन्या-नव्या प्रोसेसरची तुलना गिगाहर्ट्झवरून करूच नये. तुमचंच एखादं जड काम, रात्रीचा अहवाल म्हणा, दोन्हीकडे चालवा आणि घड्याळ लावून गुणोत्तर काढा.

रॅम: इथेच सर्वांत जास्त फसगत होते

‘फ्री’ या कमांडचा ‘फ्री’ हा रकाना बघून रॅम ठरवणारे लोक अजून आहेत. लिनक्स मोकळी रॅम फाइलींच्या कॅशसाठी वापरून टाकतो, त्यामुळे तो रकाना नेहमीच लहान दिसतो. ‘अव्हेलेबल’ बघा, असं सगळे सांगतात, कर्नल ३.१४ पासून, म्हणजे २०१४ पासून, तो आकडा मिळतो आणि तो बराच बरा आहे. पण आपल्या कामासाठी तोही दगा देतो. कारण ‘अव्हेलेबल’मध्ये कॅशचा मोठा भाग मोकळा म्हणून धरलेला असतो, आणि त्या कॅशच्या जिवावरच डिस्क निवांत दिसत असते.

६४ जीबीच्या मशीनवर प्रोसेस २० जीबी खातात आणि ४० जीबी कॅश आहे असं धरा. ‘अव्हेलेबल’वरून कोणीही म्हणेल, गेस्टला २४ जीबी पुरे. दिले की प्रोसेस बसतात खऱ्या, पण कॅश गेल्यामुळे आधी रॅममधून मिळणारं वाचन डिस्कवर जातं. आणि ती डिस्क आता सामायिक. रॅमवर केलेल्या काटकसरीचं बिल डिस्कवर फाटतं.

दुसऱ्या टोकाला जावा आणि डेटाबेस. जावाचा हीप (प्रोग्रामच्या डेटाची रॅममधली जागा) ‘एक्सएमएक्स’ने नेमलेल्या मर्यादेकडे पसरत जातो, इनोडीबीचा (मायएसक्यूएल डेटाबेसचं साठवण-इंजिन) बफर पूल नेमून दिला तेवढा हळूहळू भरतोच. तिथे प्रोसेसने घेतलेली रॅम ही गरज नसते, कोणीतरी कधीतरी फाइलमध्ये लिहिलेला आकडा असतो. जावासाठी पूर्ण गार्बेज कलेक्शननंतर (नको असलेला डेटा काढून टाकल्यावर) हीपमध्ये किती उरतं ते लॉगमध्ये बघावं. तो आकडा गरजेच्या जास्त जवळ असतो.

मग खरी गरज कळायची कशी? मला एकच पद्धत पटली आहे: मशीन खरं असतानाच त्याची रॅम थोडी थोडी काढून घ्यायची आणि बघायचं. यासाठी ह्यूजपेजेसची (रॅमची मोठी, राखीव पानं) युक्ती छान चालते. एक्स८६ वर एक ह्यूजपेज २ एमबीचं, म्हणजे १ जीबीला ५१२. ‘व्हीएम.एनआर_ह्यूजपेजेस’ला १०२४० दिलं की २० जीबी बाजूला काढून ठेवली जाते आणि बाकीच्यांना ती मिळत नाही. ० दिलं की लगेच परत. रीबूट लागत नाही. (डेटाबेस आधीच ह्यूजपेजेस वापरत असेल तर ही युक्ती तिथे करू नका. आणि रॅम तुकड्यातुकड्यांत विखुरलेली असेल तर मागितली तेवढी मिळत नाही. ‘/प्रोक/मेमइन्फो’मध्ये ‘ह्यूजपेजेस_टोटल’ बघून खात्री करा.)

एका मशीनवर आम्ही दर दोन दिवसांनी ४ जीबी काढत गेलो. ६४ वरून ४४ पर्यंत कोणाला काही कळलंही नाही. ४० वर ‘/प्रोक/व्हीएमस्टॅट’मधले ‘वर्किंगसेट_रीफॉल्ट’चे आकडे भराभर वाढायला लागले. हे आकडे सांगतात की नुकतंच रॅममधून काढलेलं पान पुन्हा डिस्कवरून आणावं लागलं. ३६ वर आयओस्टॅटमध्ये वाचन दुपटीच्या वर गेलं. अजून एकही तक्रार आलेली नव्हती, स्वॅपही (रॅम अपुरी पडली की वापरली जाणारी डिस्कवरची जागा) शांत होता. पण गरज कुठे आहे ते दिसलं, आणि त्या गेस्टला ४४ जीबी दिली. ‘अव्हेलेबल’वर गेलो असतो तर २४ दिली असती.

कर्नल ४.२० किंवा पुढचा असेल तर ‘/प्रोक/प्रेशर’मधली मेमरीची फाइल याच वेळी बघत राहावी. ‘सम’च्या ओळीतले १०, ६० आणि ३०० सेकंदांचे आकडे सांगतात की किती टक्के वेळ कोणती ना कोणती प्रोसेस रॅमअभावी खोळंबली, ‘फुल’ म्हणजे सगळ्याच खोळंबल्या. रेड हॅट ८ मध्ये ही सोय बूटच्या वेळी ‘पीएसआय=१’ देऊन चालू करावी लागते. मला हे साधन लोड अॅव्हरेजपेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटतं, कारण ते गर्दी मोजत नाही, खोळंबा मोजतं.

सीपीयूसाठीही अशी तालीम करता येते: ‘/सिस’मधल्या एकेका सीपीयूच्या ‘ऑनलाइन’ फाइलमध्ये ० लिहून कोअर बंद करा. शून्य क्रमांकाचा सहसा बंद होत नाही. मात्र बरेच प्रोग्राम सुरू होतानाच कोअर मोजून थ्रेड ठरवतात, म्हणून कोअर कमी केल्यावर तो प्रोग्राम एकदा पुन्हा सुरू करावा, नाहीतर तालीम खरी होत नाही.

डिस्क

आयओस्टॅटचा ‘युटिल’ रकाना सगळ्यांच्या आवडीचा आणि सर्वांत कमी उपयोगाचा. डिस्ककडे निदान एक तरी विनंती होती असा वेळ किती टक्के, एवढंच तो सांगतो. फिरत्या एका डिस्कला ते बऱ्यापैकी लागू पडतं. एसएसडी किंवा अनेक डिस्कचा रेड एकाच वेळी खूप विनंत्या घेतो, त्यामुळे १०० टक्के दिसूनही भरपूर जागा असू शकते. बघायचं ते ‘आर_अवेट’ आणि ‘डब्ल्यू_अवेट’, म्हणजे एका वाचनाला आणि लेखनाला लागलेले मिलिसेकंद, आणि रांगेची लांबी ‘एक्यू-एसझेड’.

बेरीज करताना सेकंदातल्या विनंत्यांची करा, मेगाबाइटची एकट्याची नको. चार मशीन आपापल्या डिस्कवर ओळीने लिहीत असतात. एका स्टोरेजवर आणली की चार ओळी एकमेकींत मिसळतात आणि डिस्कला ते विखुरलेलं लेखन दिसतं. नव्या स्टोरेजची कुवत ‘एफआयओ’ या चाचणीच्या साधनाने मोजाल तेव्हा म्हणूनच विखुरलेल्या छोट्या विनंत्यांवर मोजा, आणि डेटाबेस असेल तर ‘एफसिंक’ (लिहिलेलं खरंच डिस्कवर पोहोचेपर्यंत थांबणं) लावून. कंपनीच्या माहितीपत्रकावरचा मोठा आकडा सलग वाचनाचा असतो.

नेटवर्कबद्दल फार लिहीत नाही. ‘सार -एन’ला ‘डीईव्ही’ (वाहतूक) आणि ‘ईडीईव्ही’ (चुका) देऊन तशीच दर मिनिटाची बेरीज करा. बॅकअपची रात्र सोडली तर तिथे अडचण क्वचित येते.

किती भरायचं

कमाल बेरीज मिळाली की तिच्यावर थोडी जागा ठेवा, असं सांगतात. किती आणि का, हे रांगेच्या साध्या हिशेबातून कळतं. एक खिडकी, बेभरवशाची येणारी गिऱ्हाइकं: खिडकी ५० टक्के व्यग्र असेल तर एकेकाला लागणारा एकूण वेळ कामाच्या वेळेच्या दुप्पट, ८० टक्क्यांना पाचपट, ९० टक्क्यांना दहापट. अनेक कोअर असले की हे वळण उशिरा येतं, पण येतंच. एका डिस्कला ते अगदी तसंच लागू पडतं. मी ७० टक्क्यांपुढे जात नाही.

पण त्याआधी दुसरा, जास्त कडक नियम लागतो. होस्ट बंद पडेल तेव्हा काय? २ होस्ट असतील तर एकाला दोघांचा भार पेलावा लागणार, म्हणजे कमाल क्षणीही प्रत्येकावर निम्म्याहून कमी. ३ असतील तर दोन-तृतीयांश. हा नियम रॅमसाठी अजिबात वाकवायचा नाही. सीपीयू वाटून घेता येतो, उशीर होतो इतकंच. रॅम अपुरी पडली की होस्ट स्वॅप करायला लागतो आणि मग सगळेच गेस्ट एकत्र बुडतात. केएसएम (सारखी पानं एकदाच साठवणं) आणि बलूनिंग (गेस्टकडून रॅम परत घेणं) असूनही मी रॅम शक्यतो जादा वाटत नाही.

वेळापत्रकांची टक्कर

मोजणीत न दिसणारी गोष्ट शोधायला ही सर्वांत स्वस्त जागा. सगळ्या मशीनचे क्रॉन (ठरलेल्या वेळी कामं चालवणारी सोय) आणि सिस्टमडीचे टायमर एका कागदावर उतरवा. डेबियनची रोजची कामं क्रॉनमध्ये ६ वाजून २५ मिनिटांनी ठरलेली असायची. दहा गेस्ट म्हणजे दहा मशीन एकाच मिनिटाला लॉग दाबायला बसणार. माणसांनी लिहिलेली कामं तर सर्रास रात्री १२ किंवा २ वाजता. टायमर असतील तर ‘रँडमाइज्डडीलेसेक’ देऊन पसरवा. क्रॉन असेल तर मिनिटं हाताने वेगळी करा. बॅकअप गेस्टकडून सुरू होऊ देण्यापेक्षा एका ठिकाणाहून, एकामागून एक चालवलेले बरे.

प्रत्येक कामापुढे एक प्रश्न लिहा: हे काम आजूबाजूला बघून स्वतःला आवरतं का? ‘नाइस’, ‘आयओनाइस’, रेडची तपासणी, असं जे जे काही ‘मशीन रिकामं असेल तेव्हाच’ चालतं, ते गेस्टमध्ये गेल्यावर आंधळं होतं. त्यांच्यावर मर्यादा होस्टवरून घाला. लिबव्हर्टमध्ये (होस्टवरून गेस्ट सांभाळणारं साधन) प्रत्येक डिस्कला सेकंदातल्या विनंत्यांची कमाल घालता येते.

आधीच व्हर्च्युअल करून बसला असाल तर

गेस्टमध्ये ‘व्हीएमस्टॅट’चा ‘एसटी’ रकाना बघा. हा चोरीला गेलेला वेळ: गेस्टला धावायचं होतं, पण होस्टने दुसऱ्याला धावू दिलं. अधूनमधून १-२ टक्के दिसणं चालतं, ठरावीक वेळी १० च्या वर जात असेल तर होस्टवर कोअरची टक्कर आहे. ‘एसटी’ शून्य आणि ‘डब्ल्यूए’ मोठा असेल तर सीपीयूला हात लावू नका, डिस्ककडे जा. होस्टवर ‘सार -यू ऑल’ वापरा, म्हणजे गेस्टना दिलेला वेळ वेगळ्या रकान्यात दिसतो. नाहीतर काही ठिकाणी तो ‘यूझर’मध्ये मिसळलेला असतो. मग होस्टच्या आणि सगळ्या गेस्टच्या नोंदी यूटीसीत काढून एकाखाली एक लावा आणि गुदमरण्याच्या आधीची दहा मिनिटं बघा. पहिला कोण हलला, हे त्या दहा मिनिटांतच दिसतं.

आमच्याकडे आरसे काढल्यावर आलेल्या पहिल्या रविवारी मी १२:५० पासून होस्टवर ‘आयओस्टॅट -एक्स ५’ लावून बसलो होतो. १२:५७ ला काहीच झालं नाही. १:१० ला ‘डब्ल्यू_अवेट’ २ वरून ९ मिलिसेकंदांवर गेला आणि दहा मिनिटं तिथेच राहिला. तो एका गेस्टचा डेटाबेस बॅकअप होता, जो आधीच्या गोंधळात कधी वेगळा दिसलाच नव्हता. त्याला दुसऱ्या दिवशी मर्यादा घातली.